जत्रेतील बाळाची झोप

या विषयावर लेख देणार आहे असे मी सांगितले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. वार्षिक अंकात कोणी संतवाङ्मयावर लिहिते, कोणी किल्ल्यांवर, कोणी बेकारीवर. तू तान्ह्या पोराच्या झोपेवर काय लिहिणार, आणि तेही लग्नाच्या आधी? मानसशास्त्राच्या सरांनी मात्र "लिही" म्हणून सांगितले, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढे लिही, अशी अटही घातली. ती अट मी शक्य तितकी पाळली आहे. जिथे पुस्तकाचा आधार घेतला आहे तिथे तसे सांगितले आहे.

आमचे गाव खटाव तालुक्यात. थोरली बहीण तासगाव तालुक्यात दिली आहे. म्हणजे अर्धे घर साताऱ्यात आणि अर्धे सांगलीत, आणि दोन्हीकडे जत्रांना तोटा नाही. त्यात आमची मोठी जत्रा म्हणजे मार्गशीर्षातली पुसेगावची, सेवागिरी महाराजांची. रथ, त्यावर भाविकांनी वाहिलेल्या नोटांच्या माळा, खिल्लार जनावरांचा बाजार, आकाशपाळणे, भेळेच्या राहुट्या. ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना वर्णनाने कळायची नाही. गेल्या मार्गशीर्षात ताई मुद्दाम माहेरी आली होती. सोबत दाजी, ताईच्या सासूबाई, आणि वीस महिन्यांचा माझा भाचा.

रथाच्या दिवशी पहाटे पाचला भाच्याला उठवून, अंघोळ घालून, सहाच्या वडापने आम्ही निघालो. एरवी तो सातला उठतो आणि साडेबारा-एकला जेवून दोन तास झोपतो. त्या दिवशी साडेबाराला आम्ही रथाच्या गर्दीत होतो. दोनला पाळण्यांपाशी होतो. भाचा पिपाणी वाजवत होता, हसत होता. "बघा, कसा रमलाय," असे सगळेच म्हणत होते. पाचच्या सुमारास दाजींच्या खांद्यावर त्याची मान कलंडली आणि तो झोपला. वीस मिनिटे झाली असतील नसतील, तोच बँडवाल्यांचा ताफा शेजारून गेला आणि तो दचकून उठला. त्यानंतरचे पोर कुणाचे वेगळेच होते. धावायचे, फतकल मारून बसायचे, हातातली रेवडी मातीत फेकायची, आणि ती परत द्या म्हणून रडायचे. परतीच्या वडापमध्ये त्याने अंग धनुष्यासारखे ताणून जो हंबरडा फोडला तो घर येईपर्यंत. घास घेईना, पाणी घेईना. कपाळ गरम लागत होते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली. एवढ्या गर्दीत न्यायचंच कशाला?" आणि मग थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नव्हे अशा रीतीने, "एक दिवस पोर सांभाळता येत नाही." ताई चुलीपाशी जाऊन रडली. माझ्या आजीने मीठ-मोहरी-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मी शेजारच्यांकडून थर्मामीटर आणून लावला; ताप नव्हता. कपाळ तापले होते ते रडून रडून. मध्यरात्र उलटल्यावर भाचा एकदाचा झोपला. तेव्हा आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिठानं बायकांची मनं शांत होत्यात. पोराला झोप पायजे व्हती, दुसरं काय न्हवतं."

आजीला अक्षर येत नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. आजीचे हे वाक्य मी सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आता हेच पुस्तकात शोध." हा लेख त्या शोधातून झाला.

झोपेच्या शास्त्रात १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने मांडलेली एक कल्पना आजही पायाभूत मानली जाते. झोप दोन गोष्टींवर चालते, असे ते म्हणतात. पहिली म्हणजे झोपेची ओढ. जागे झाल्या क्षणापासून ती साठत जाते. रिकाम्या विहिरीला पाझराने पाणी चढावे तशी. झोप घेतली की ती उतरते. दुसरी म्हणजे शरीरातले घड्याळ. ते उजेड-अंधाराच्या हिशेबाने चालते, आणि आपण कितीही जागलो तरी आपल्या वेळेलाच टोला देते. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता मोठ्या माणसाची विहीर खोल असते, भरायला सोळा तास लागतात. लहान मुलाची उथळ. पाच-सहा तासांतच काठोकाठ येते. म्हणून त्याला दुपारची झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांच्या दिवसाच्या दोन झोपांची एक होते, आणि ती एक झोप पुढे तीन, कधी चार-पाच वर्षांपर्यंत टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे.

भाच्याचा त्या दिवसाचा हिशेब या मापाने मांडला की सगळे कळते. पहाटेचे दोन तास आम्ही कापले. दुपारचे दोन तास गर्दीत गेले. विहीर भरून वाहू लागली. आणि इथे मोठ्यांची फसगत होते, कारण दमलेले मूल मोठ्यांसारखे पेंगत नाही. जागे राहण्यासाठी शरीर स्वतःलाच चाबूक मारते आणि मूल उलट उधळते, हसते, पळते. "बघा, कसा रमलाय," असे आम्ही म्हणत होतो तेव्हाच खरे तर त्याला उचलून अंधाऱ्या जागी न्यायला हवे होते. पुढे पाचची वीस मिनिटांची डुलकी. तिने ओढ जराशी उतरवली, पण विश्रांती काही दिली नाही, आणि रात्रीची झोप मात्र पुढे ढकलली. इतक्या लहान मुलाची दुपारची झोप चारच्या आत संपलेली बरी. ती चुकलीच, तर संध्याकाळच्या डुलकीने भरून न काढता रात्री एक तास आधी निजवणे अधिक चांगले. आम्ही नेमके याच्या उलट वागलो.

राहिला उजेड. जत्रेत रात्री दिवसासारखा झगझगाट असतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना निजण्याच्या वेळेआधी तासभर प्रखर उजेडात खेळू दिले. झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य त्यांच्या शरीरात सुमारे ८८ टक्क्यांनी घटले, आणि दिवे मंद केल्यावरही बराच वेळ ते पूर्वपदावर आले नाही. दहाच मुले, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. पण आकाशपाळण्याखाली रात्री नऊ वाजता पोर का झोपत नाही याचे निदान एक कारण हातात येते. गोंगाटाबद्दल तर काय सांगावे! सन २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना बंदी आहे आणि ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, एवढेच इथे नोंदवते.

यावर कोणी म्हणेल, मग लहान मुलांना जत्रेला नेऊच नये. हे मला पटत नाही. मूल न्यायचे नाही म्हणजे आईने जायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे होतो. ताईने लग्नानंतर एकदाही रथ धड पाहिलेला नाही. मला वाटते, आधी जत्रेचे घड्याळ पाहावे आणि मग मुलाचे. प्रत्येक जत्रेचा मुख्य क्षण वेगळ्या वेळी येतो. कराड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसाचे लग्न गोरज मुहूर्तावर लागते. म्हणजे ऐन दिवेलागणीला, जेव्हा दुपारी न झोपलेले मूल सर्वांत जास्त किरकिरते. तिथे दुपारची झोप झाली असेल तर मूल लग्न पाहील, भंडारा उधळलेला पाहून टाळ्या पिटेल. तासगावला ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो तो दुपारी, नेमका निजण्याच्या वेळी. तिथे मुलाला सकाळी अकरालाच खाऊ-पिऊ घालून आधी निजवावे, नाहीतर रथ निघताना पाहून लगेच घर गाठावे. दोन्ही साधत नाही. पुसेगावचा रथ सकाळी निघून परतायला रात्र होते, म्हणून तिथे सवड आहे. शिंगणापूरला चैत्रात ऊन मी म्हणत असते. तिथे झोपेइतकाच पाण्याचा प्रश्न. आणि मांढरदेवीसारख्या अरुंद चढणीच्या ठिकाणी, जिथे २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली, तिथे ऐन यात्रेच्या गर्दीत झोपलेले मूल खांद्यावर घेऊन शिरूच नये. झोपलेल्या मुलाची पकड सुटते, आणि आपला एक हात कायमचा अडकतो.

आता आजीची गोष्ट सांगते, कारण मला सर्वांत जास्त शिकवले ते तिने. तिच्या तरुणपणी ही मंडळी पुसेगावला बैलगाडीने जात. जनावरांचा बाजार करायचा असल्यामुळे तीन-चार दिवसांचा मुक्काम पडे. गाडी सोडली की तीच घर. गाडीखाली सावली, गाडीलाच जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात लहान पोर. दुपारी गडीमाणसे बाजारात जात. बायका भाकरी करून पोरांना निजवत आणि स्वतःही लवंडत. ऊन कलले की सगळ्यांनी देवाला जायचे. "मग पोरं रडत नव्हती?" मी विचारले. "रडत व्हती की. पण झोळी व्हती," आजी म्हणाली.

मी यावर पुष्कळ विचार केला. आजीच्या जत्रेत मुक्काम होता. आमच्या जत्रेत नाही. वडाप आले, मोटारसायकल आली, रस्ता झाला, आणि तीन दिवसांची जत्रा सकाळी जाऊन रात्री येण्याची झाली. वेळ वाचला हे खरेच. पण त्या वाचलेल्या वेळात मुलाला पाठ टेकायला जागा उरली नाही, हे कुणाच्या लक्षात आले नाही. जाण्यायेण्याचे दोन तास कमी झाले आणि मुलाचे झोपेचे चार तास गेले. जुने सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. मुक्कामाला गेलेल्या बायका तिथेही चुलीपुढेच होत्या, आणि पटकी पसरली की जत्राच्या जत्रा ओस पडत, हेही आजीच सांगते. पण झोळीपुरते तिचे म्हणणे मला मान्य आहे.

म्हणून पहिली तयारी जागेची. गावात कुणी पै-पाहुणा असेल तर दुपारपुरती खोली मागावी. आपल्याकडे अजून कोणी नाही म्हणत नाही. नसेल तर बाजारापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला, झाडाखाली वाकळ अंथरावी. दुसरी तयारी सवयीची. नेहमीची वाकळ, नेहमीचे टोपरे, नेहमीची अंगाई, आणि तीही नेहमीच्याच क्रमाने. हे भाबडेपण नव्हे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०५ आया आणि त्यांची सात ते छत्तीस महिन्यांची मुले होती. ज्यांनी रोज रात्री अंघोळ, अंगाला चोळणे आणि मग शांतपणे निजवणे हा क्रम न चुकता ठेवला त्यांची मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली. आणि विशेष म्हणजे आयांचे मनही अधिक प्रसन्न राहिले. जागा परकी असली तरी क्रम ओळखीचा असला की मूल निवांत होते. थंडीत डोके-कान झाकावेत, पण नाक-तोंड उघडे ठेवावे. झोळीत किंवा शालीत गुंडाळलेल्या मुलाचा चेहरा सतत दिसला पाहिजे.

दोन धोक्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफू असलेली बाळागोळी देत, हे इतिहासात नोंदलेले आहे. आज अफू गेली. तिच्या जागी सर्दीचे पातळ औषध आले. "प्रवासात एक चमचा दे, झोपून राहील," असा सल्ला मी स्वतः एसटीत ऐकला आहे. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी दिले आहेत. निजवण्यासाठी औषध देणे म्हणजे झोप देणे नव्हे. दुसरा धोका मोटारसायकलचा. जत्रेतून रात्री परतताना आई-बापांच्या मध्ये झोपलेले पोर हे आपल्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य. २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पट्टा लावलेले एकही पोर मी अजून पाहिलेले नाही.

हा सगळा अभ्यास वहीतच राहायचा, पण यंदा मे महिन्यात त्याची परीक्षा झाली. दाजींच्या मित्रमंडळींनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे ठरवले. २०१३ साली सुरू झालेले हे उद्यान म्हणजे माझ्या मते आजच्या काळातली जत्राच. देव तेवढा नाही. बेत असा की रात्री तासगावहून गाडीने निघायचे, तीनशेच्या वर किलोमीटर जायचे, दिवसभर खेळायचे आणि रात्रीच परत फिरायचे. लॉजचा खर्च वाचतो. ताईने मला फोन केला. मी वही उघडून एवढेच सांगितले की ही पुसेगावचीच जत्रा आहे, फक्त लांबची. ताईने पहिल्यांदाच दाजींपाशी हट्ट धरला. दाजी मित्रांत अवघडले, पण शेवटी आम्ही चौघे आदल्या दिवशी सकाळी एसटीने निघालो. भाचा दुपारी गाडीत झोपला. रात्री खोपोलीच्या लॉजवर ताईने वाकळ अंथरली, दिवा मालवला, अंगाई म्हटली. नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा, पण झोपला.

दुसऱ्या दिवशी मित्रांची गाडी रात्रभराचा प्रवास करून आली. त्यांच्यातली दोन लहान मुले दारातच रडत होती. मोठ्या पाळण्यांवर चढायला उंचीची अट असते, त्यामुळे लहानांचा वाटा तसाही थोडाच. सकाळी भाचा घोड्यांच्या चक्रावर बसला, बदकांच्या रांगेमागे धावला, त्याचे पोट भरले. साडेबाराला त्याला भात भरवून आम्ही एक सावलीचा, पंख्याखालचा कोपरा शोधला. तिथे खरा प्रश्न उभा राहिला: जवळ बसायचे कुणी? ताईने सवयीने मांडी घातली. मी म्हटले, मी बसते. तेवढ्यात दाजीच म्हणाले, "तुम्ही दोघी जावा. मला त्या उंच पाळण्यात गरगरतं." खरे की खोटे, मी विचारले नाही.

ताई त्या दिवशी तीन पाळण्यांत बसली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला, वेणी सुटली. अडीचला आम्ही परत आलो तर भाचा झोपलेलाच होता आणि दाजी त्याच्यावर वर्तमानपत्राने वारा घालत होते. दिवे लागायच्या आत आम्ही बाहेर पडलो. मित्र मागे थांबले. रोषणाई पाहिल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. असो.

आता मार्गशीर्ष जवळ आला आहे. पुसेगावात आत्याच्या नणंदेचे घर आहे, त्यांनी दुपारपुरती माडीवरची खोली देतो म्हणून सांगितले आहे. सासूबाई येणार आहेत, आणि या खेपेला पोरापाशी आपणच बसू असे त्या म्हणाल्या आहेत. ताईने तिकडून फोनवर हे सांगितले तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आजीने तिच्या एका जुन्या लुगड्याची घडी काढून उन्हात टाकली आहे. माडीला तुळई आहे का, एवढे तेवढे विचारून घे, असे ती मला दोनदा म्हणाली.